भिंतीतला लॅन पॉइंट: झिरीपासून जॅकपर्यंत

आमच्या हॉलच्या भिंतीत टेलिफोनची एक मेलेली वायर आहे. बिल्डिंग बांधली तेव्हा वायरमनने ती पाइपाशिवाय, थेट प्लास्टरखाली दाबून टाकली. फोन चालू होता तोवर कुणाचं काही अडलं नाही. पुढे त्याच वाटेने इंटरनेटची केबल न्यायची वेळ आली, तेव्हा जुनी वायर ओढून निघेना आणि नवी आत जाईना. शेवटी केबल दाराच्या चौकटीवरून, क्लिपा ठोकत आतल्या खोलीत गेली. दर रंगकामात रंगारी तिच्यावरूनही ब्रश फिरवायचा. तिसऱ्या रंगानंतर ती केबल आहे की भिंतीला आलेली शीर, हे सांगणं कठीण झालं.

दोन वर्षांपूर्वी बेडरूमचं ऑफिस झालं आणि दोन भिंतींपलीकडचा वायफाय ऐन मीटिंगमध्ये मान टाकू लागला, तेव्हा मी भिंत फोडायचं ठरवलं. लॅनचे, म्हणजे वायफायऐवजी केबलने इंटरनेट देणारे, तीन पॉइंट घेतले: टीव्हीमागे एक, कामाच्या टेबलाशी एक आणि पॅसेजच्या छताजवळ एक. हे करताना एकच गोष्ट डोक्यात पक्की होती. भिंतीत कायमचा बसतो तो पाइप, केबल ही त्यातली भाडेकरू. आज कॅट सिक्स (तांब्याच्या तारांची लॅन केबल) आहे, उद्या फायबर असेल. तिला घर सोडता आलं पाहिजे.

एक शब्द आधी नीट करून घेऊ. लॅन, टीव्हीची केबल, डोअरबेल, कॅमेरा यांच्या वायरिंगला इंटरनेटवर ‘लो व्होल्टेज’ म्हणतात. हा शब्द आपल्याकडच्या जुन्या वायरमनसमोर वापरू नका. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांत २५० व्होल्टपर्यंतचा दाब म्हणजेच ‘लो’ होता, म्हणजे घरातला २३० व्होल्टही त्यातच आला. आपण बोलतोय ते साधारण ५० व्होल्टच्या आतल्या वायरींबद्दल. वायरमनला सरळ ‘डेटाचा पॉइंट’ किंवा ‘लॅनचा पॉइंट’ म्हणा.

आधी भिंत ओळखा

यूट्यूबवर बघितलं की हे काम वीस मिनिटांचं वाटतं. करवतीने चौकोन कापला, केबल आत सोडली, मागून उघडी असलेली एक प्लास्टिकची चौकट भिंतीला पकडवली, झालं. माझ्या न्यू जर्सीतल्या भाच्याने घरी अगदी असंच केलं. पण त्याची भिंत म्हणजे लाकडी खांबांवर ठोकलेले जिप्समचे दोन पत्रे आणि मधे पोकळी. आपल्या विटांच्या भिंतीत पोकळी नाही. ती आपल्याला कोरावी लागते. (घरात जिप्समचं पार्टिशन असेल तर मात्र भाच्याची पद्धत तुम्हालाही लागू.)

मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये भिंती विटांच्या नसतातच. मायवान पद्धतीच्या ॲल्युमिनियम शटरिंगमध्ये ओतलेल्या त्या काँक्रीटच्या भिंती असतात आणि इमारतीचा भार त्यांच्यावर असतो. तिथे झिरी मारणं, म्हणजे पाइपासाठी भिंतीत चर कापणं, हे आतली सळई कापायला जाणं आहे. ते करायचं नाही, सोसायटीने हो म्हटलं तरी नाही. ड्रिलला भिंत दाद देत नसेल आणि भुकटी करडी निघत असेल, तर तिथेच थांबा. विटेची भुकटी तांबडी असते, एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटेची) पांढरट करडी, पण ब्लॉकमध्ये ड्रिल लोण्यात जावं तसं जातं. कॉलम आणि बीमलाही हाच नियम. काँक्रीटच्या भिंतीत बिल्डरने आधीच टाकलेला टीव्ही किंवा फोनचा पाइप शोधायचा. तोही नसेल तर स्कर्टिंगवरून केसिंग-कॅपिंग (केबल झाकणारी झाकणाची प्लास्टिक पट्टी) नीट सरळ बसवायचं. दिसायला ते वाईट दिसत नाही, आणि केबल बदलताही येते.

विटांच्या भिंतीतही झिरीला मर्यादा आहे. अंदाजाचा नियम असा: उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशपेक्षा खोल नको, आडवी एक षष्ठांशपेक्षा खोल नको. खोल्यांमधली चार इंची भिंत प्लास्टर धरून साधारण १२० मिलिमीटर भरते. म्हणजे उभ्या झिरीला ४० मिलिमीटर मिळाले. त्यात २५चा पाइप आणि वर १५ मिलिमीटर प्लास्टर आरामात बसतं. आडव्या झिरीला मिळाले जेमतेम २०. पाइपच मावत नाही. म्हणून भिंतीतून केबल उभीच उतरवायची. आडवा प्रवास फॉल्स सीलिंगच्या वरून, माळ्यावरून किंवा पॅसेजच्या पीओपीच्या पट्टीमागून करायचा. घर नव्याने होत असेल तर फरशीखालून पाइप टाकून घ्या, सगळ्यात उत्तम.

रेघा मारण्याआधी

आधी एक मुख्य जागा ठरवा. इंटरनेटवाल्यांचा फायबर जिथे घरात येतो, त्यांचा डबा आणि राउटर जिथे बसणार, ती ही जागा. आमच्याकडे ती दाराजवळच्या चपलांच्या कपाटावरची फळी आहे. तिथे २३० व्होल्टचे निदान दोन सॉकेट लागतातच.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. लाइटचे पॉइंट करताना वायरमन एका बोर्डातून दुसऱ्या बोर्डात वायर ‘लूप’ करत जातो. लॅनमध्ये तसं चालत नाही. प्रत्येक पॉइंटपासून मुख्य जागेपर्यंत स्वतंत्र, अखंड केबल यावी लागते. तीन पॉइंट तर तीन केबल. मधे जोड नाही, टेप नाही. हे कागदावर काढून वायरमनच्या हातात द्या, कारण तोंडी सांगितलेलं दुपारच्या जेवणानंतर विसरलं जातं.

उंचीचं म्हणाल तर टीव्हीचा पॉइंट स्क्रीनच्या मागे लपेल असा, फरशीपासून साडेतीन ते चार फुटांवर. टेबलाचा पॉइंट टेबलाच्या पृष्ठभागाच्या चार बोटं वर. खाली ठेवलात तर दर वेळी गुडघ्यावर बसावं लागतं. छताजवळचा पॉइंट वायफायच्या ॲक्सेस पॉइंटसाठी किंवा कॅमेऱ्यासाठी. तिथे वेगळं सॉकेट लागत नाही, कारण पीओई स्विच (लॅनच्या केबली जोडायचा, त्यांतून वीजही देणारा डबा) असेल तर लॅनच्या केबलमधूनच वीज जाते. त्याच्या साध्या प्रकारात दर पोर्टला १५.४ वॅट मिळतात, पुढच्या प्रकारात ३०.

मग भिंतीत आधीच काय दडलंय ते बघा. स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली वीज असणार, असंच धरून चाला. त्या पट्ट्यात जायचं नाही. भिंतीच्या पलीकडे बाथरूम किंवा किचन आहे का, हे पलीकडे जाऊन डोळ्यांनी बघा. नळाचा पाइप फुटला तर लॅन राहतो बाजूला, खालच्या मजल्यावरचे शेजारी वर येतात. विजेच्या पाइपापासून आपला पाइप निदान आठ इंच लांब ठेवा, जमलं तर फूटभर. ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा.

आमच्या वायरमनकाकांनी विचारलं होतंच, “साहेब, लाइटच्याच पाइपातून काढून देऊ? फोडाफोड वाचेल.” मोह पडतो. पण त्या पाइपात एखाद्या वायरीचं इन्सुलेशन गेलं, तर २३० व्होल्ट थेट तुमच्या लॅपटॉपच्या पोर्टात येतात. दोघांना एकच पाइप नको आणि एकच बॉक्सही नको. शेजारी शेजारी दोन बॉक्स हवेत तर खुशाल ठेवा, पण डबे वेगळे.

सामान

पाइप २५ मिलिमीटरचा, आयएसआय छापाचा पीव्हीसी. २०चा घेऊन फारसे पैसे वाचत नाहीत आणि पुढे पस्तावा होतो. २५च्या पाइपात कॅट सिक्सच्या तीन केबल सुखाने जातात. कोपऱ्यांसाठी लांब वळणाचे बेंड घ्या, काटकोनी एल्बो नको. कॅट सिक्सला तिच्या जाडीच्या चौपट, म्हणजे साधारण २५ मिलिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण सोसत नाही. दोन टोकांच्या मधे दोनच बेंड; तिसरा आला की मधे एक बॉक्स टाका.

भिंतीत बसायला टू मॉड्यूलचा मेटल बॉक्स. जॅक आणि प्लेट घरातल्या स्विचच्या कंपनीचीच घ्या, कारण एका कंपनीचं मॉड्यूल दुसऱ्या कंपनीच्या प्लेटमध्ये बसेलच असं नाही.

केबलमध्ये फसवणूक चालते, म्हणून इथे वेळ घालवा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल कॅट सिक्सच्या नावाने सर्रास मिळते. ओळखायला सोपं आहे: एका तारेवरचं प्लास्टिक काढा आणि ब्लेडने तार खरवडा. आतून चंदेरी निघाली की दुकानदाराला नमस्कार करा. अशी तार वाकवताना तुटते, जॅकमध्ये वर्षभराने सैल होते आणि पीओईची वीज वाहताना जास्त तापते. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे शुद्ध तांब्याची केबल मीटरवर मिळते. पूर्ण खोका ३०५ मीटरचा असतो, घराला एवढी लागत नाही. तीन पॉइंटना मला ४८ मीटर लागली.

बाकी: पंच टूल (तार जॅकच्या खाचेत दाबून बसवणारं हत्यार), लॅन टेस्टर, वायर ओढायची स्प्रिंग, ओळंबा, लेव्हल बॉटल, चिकन मेश (प्लास्टरमध्ये दाबायची तारेची जाळी).

झिरी आणि बॉक्स

सोसायटीला आधी कळवा आणि दुपारची झोपेची वेळ सोडा. त्या खोलीचा एमसीबी बंद करा. कटरला वीज दुसऱ्या खोलीतून घ्या. टेस्टर लावून खात्री करा. खोलीच्या दाराला ओली चादर लावा, कपाटांना प्लास्टिक. नाकाला रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लागतो, डोळ्यांना गॉगल. विटेची आणि सिमेंटची बारीक धूळ फुप्फुसात बसते ती निघत नाही.

ओळंबा सोडून दोन उभ्या रेघा मारा, पाइपापेक्षा अर्धा इंच जास्त अंतरावर. कटरने दोन्ही रेघा कापा, मग मधला भाग छिन्नीने उडवा. चार इंची भिंतीवर हातोड्याचे घाव हलके. आमच्याकडे एका उत्साही पोराने दणका दिला आणि पलीकडच्या खोलीतल्या प्लास्टरला पोळीसारखा फुगा आला. झिरी अर्धी झाली, दुरुस्ती दुप्पट.

बॉक्सचा खड्डा बॉक्सपेक्षा सगळीकडून अर्धा इंच मोठा घ्या. आता जिथे सगळे घसरतात ती जागा: बॉक्सची कड कुठे यायला हवी? विटेशी नाही, आजच्या प्लास्टरशीही नाही. प्लास्टर आणि पुट्टी होऊन भिंत जिथे संपेल, तिथे. शेजारच्या तयार भिंतीवर सरळ पट्टी टेकवा आणि बॉक्स त्या पट्टीला लावूनच सिमेंटमध्ये बसवा. बॉक्स आत गेला तर प्लेटचे स्क्रू पोचत नाहीत, बाहेर राहिला तर प्लेटच्या मागे फट दिसते. आत गेलेल्याला लांब स्क्रूने तारता येतं, बाहेर आलेल्याला इलाज नाही. लेव्हल बॉटल बॉक्सवर ठेवूनच हात सोडा. बॉक्स तिरका बसला की प्लेट जन्मभर तिरकी.

पाइप बॉक्समध्ये अर्धा सेंटिमीटर आत येऊ द्या आणि पत्र्याची धार केबलला लागू नये म्हणून भोकात रबरी बुश घाला. पाइपाचे जोड सोल्युशनने चिकटवा, नुसते कोंबून ठेवू नका. झिरीत पाइप धरायला दोन्ही बाजूंना खिळे आणि बाइंडिंग वायर पुरते.

प्लास्टर करण्याआधी पाइपातून स्प्रिंग एकदा आरपार घालून बघा. ती अडकली तर आत्ता दहा मिनिटांचं काम आहे. आणि झिरी उघडी असतानाच, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा: फरशीपासून किती, कोपऱ्यापासून किती. पाच वर्षांनी कुणी चित्र लावायला खिळा ठोकेल, तेव्हा हे फोटो लागतील.

बॉक्समध्ये थर्माकोल कोंबा, वरून टेप. पाइपाची टोकंही बंद करा. मी पहिल्या बॉक्सला नुसता वर्तमानपत्राचा बोळा घातला होता. ओला होऊन तो लगदा झाला आणि सिमेंटच्या घोळाने स्क्रूची भोकं बुजली. अर्धी संध्याकाळ मी त्या भोकांत खिळा फिरवत बसलो होतो.

झिरी भिजवून घ्या, मग सिमेंट-वाळूच्या एकास चार मसाल्याने भरा. वर झिरीपेक्षा दोन-दोन इंच रुंद चिकन मेश दाबा आणि त्यावर शेवटचा हात. जाळीशिवाय भरलेली झिरी दोन पावसाळ्यांत पाइपाच्या रेषेत तडकते. तीन-चार दिवस पाणी मारा. पुट्टी आणि रंग भिंत पुरती सुकल्यावर.

केबल ओढताना

भिंत सुकली की मग केबल. पाइपाचा हाच फायदा आहे, केबल सिमेंटच्या ओल्या संसारात अडकत नाही. स्प्रिंगच्या डोळ्यात तिन्ही केबल पुढेमागे टप्प्याने बांधा, एकाच जागी गाठ आली तर बेंडवर अडते. वर टेप घट्ट, टोक निमुळतं. एकाने ओढायचं, दुसऱ्याने दुसऱ्या टोकाला केबल पीळ न पडता सोडायची. साधारण अकरा किलोच्या वर जोर लावायचा नाही. आतल्या जोड्यांचा पीळ ताणला जातो आणि बाहेरून काही दिसत नाही. घट्ट जात असेल तर टाल्कम पावडर लावा, तेल नको. त्याच वेळी एक नायलॉनची दोरीही ओढून पाइपात तशीच राहू द्या. पुढची केबल तिच्या आधाराने जाईल.

बॉक्सशी फूटभर आणि राउटरशी चार-पाच फूट केबल जास्त ठेवा. कापण्याआधी दोन्ही टोकांना नाव लिहा. ‘लक्षात राहील’ म्हणणाऱ्याला तीन एकसारख्या निळ्या केबल रात्री अकरा वाजता ओळखू येत नाहीत.

जॅक

वरचं आवरण दोन इंच सोला. ब्लेड गोल फिरवताना आतल्या तारेला ओरखडा जाऊ देऊ नका. गेलाच तर तेवढं कापून पुन्हा सोला. आत चार जोड्या आणि मधे प्लास्टिकचा अधिक चिन्हासारखा कणा दिसेल. कणा मुळाशी कापा.

जॅकवर दोन रंगपट्ट्या छापलेल्या असतात, ए आणि बी. मी बी घेतो, आपल्याकडे बहुतेक जण तेच घेतात. कोणतीही घ्या, पण दोन्ही टोकांना एकच. बीचा क्रम असा: १ पांढरा-केशरी, २ केशरी, ३ पांढरा-हिरवा, ४ निळा, ५ पांढरा-निळा, ६ हिरवा, ७ पांढरा-तपकिरी, ८ तपकिरी. जॅकमागच्या खाचा या क्रमाने लागत नाहीत, कंपनीच्या सोयीने असतात. तेव्हा आकडे पाठ न करता खाचेशेजारचा रंग बघा.

तार खाचेत घालताना जोडीचा पीळ शक्य तितका जॅकच्या तोंडापर्यंत तसाच ठेवा. उकललेला भाग अर्ध्या इंचाहून, म्हणजे १३ मिलिमीटरहून जास्त नको. तो पीळ नुसता दिसायला नसतो. एका जोडीतल्या दोन तारांवर बाहेरचा त्रास सारखाच पडतो आणि पलीकडे तो वजा होतो; पीळ सोडलात की हे गणित बिघडतं. पंच टूलचं पातं बाहेरच्या बाजूला धरा, जॅक टेबलावर टेकवा आणि ‘खट्’ आवाज येईपर्यंत दाबा. जास्तीची तार आपोआप तुटून पडते. पातं उलटं धरलं तर आतली तार तुटते. आठही झाल्यावर नखाने प्रत्येक तार हलवून बघा.

भिंतीतल्या केबलला जॅकच लावायचा, प्लग नाही. एकसंध तार वारंवार वाकली की तुटते. जॅकपासून टीव्हीपर्यंत तयार पॅच कॉर्ड वापरा, तिच्या तारा बारीक धाग्यांच्या असतात. भिंतीतली केबल ९० मीटर आणि दोन्हीकडचे कॉर्ड मिळून १०० मीटर ही हद्द. फ्लॅटमध्ये तिची चिंता नको, बंगल्यात आउटहाउसपर्यंत जात असाल तर मोजा.

केबलची घडी बॉक्समध्ये मोठ्या वेटोळ्याने घाला. प्लेट लावताना ती चेपली जात असेल तर जोर न लावता घडी बदला.

तपासणी

टेस्टरचे दोन भाग दोन टोकांना लावा. १ ते ८ दिवे दोन्हीकडे एकाच क्रमाने लागले पाहिजेत. एखादा लागलाच नाही तर ती तार पुन्हा पंच करा. क्रम उलटसुलट दिसला तर एका टोकाचा रंग चुकलाय.

पण स्वस्त टेस्टर एक चूक पकडत नाही. दोन्ही टोकांना सारखीच चूक केलीत, समजा ३-४ आणि ५-६ अशा शेजारच्या तारा जोडी समजून लावल्या, तर दिवे शिस्तीत लागतात आणि वेग मात्र रडतो. म्हणून शेवटची परीक्षा लॅपटॉपचीच. लॅन जोडून नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिंकचा वेग बघा, तिथे १००० (एमबीपीएस, म्हणजेच एक गिगाबिट) दिसायला हवं. लॅपटॉप आणि राउटर दोन्ही गिगाबिटचे असूनही १०० दिसत असेल, तर बहुधा निळी किंवा तपकिरी जोडी नीट बसलेली नाही. १००च्या वेगाला केशरी आणि हिरव्या दोनच जोड्या पुरतात, १०००ला चारही लागतात.

माझ्या टेबलाच्या पॉइंटवर पहिल्यांदा १००च आलं. तपकिरी तार खाचेत अर्धीच उतरली होती. जॅक बाहेर ओढला, बॉक्समधली फूटभर केबल कामी आली, पुन्हा पंच केलं. १०००. मग प्लेट लावली आणि चौकटीवरची ती तीनदा रंगवलेली केबल काढायला घेतली. तिच्यामागे भिंतीचा मूळ रंग निघाला, फिकट पिस्ता.